आकडा वाढला, म्हणून देवी हटली

१ सप्टेंबर २०२५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. त्याखाली अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या, म्हणजेच 'सीडीसी'च्या, नऊ माजी प्रमुखांच्या सह्या होत्या. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या राजवटींत काम केलेली ही मंडळी. संचालक सुसान मोनारेझ यांना नेमणुकीनंतर महिना पुरा होण्याआधीच पदावरून दूर करण्यात आले होते. या संस्थेची जी मोडतोड चालली आहे ती देशाच्या आरोग्याला घातक आहे, असा इशारा या माजी प्रमुखांनी दिला. त्यांत सर्वांत ज्येष्ठ होते विल्यम फेगी, १९७७ ते १९८३ या काळातील संचालक.

परक्या देशातील एका नेमणुकीच्या वादाशी मराठी वाचकाचा काय संबंध, असा प्रश्न पडू शकेल. परंतु फेगी यांचे नाव भारताला परके नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दंडावर देवी काढल्याचा व्रण दिसतो आणि त्यांच्या मुलांच्या दंडावर तो दिसत नाही. या फरकामागे ज्यांचे संशोधन आहे, त्यांत फेगी अग्रभागी आहेत. त्यांच्या कारकिर्दीचे सार असे, की साथ हटविण्यासाठी लशीइतकीच गरज असते ती वाईट बातमी मुद्दाम शोधून काढण्याची आणि ती बातमी सहन करू शकणाऱ्या राज्यकर्त्यांची. यातली दुसरी गोष्ट आज दुर्मीळ होत चालली आहे.

फेगी यांचा जन्म १९३६ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातला. १९६१ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते सीडीसीच्या साथरोग शोधपथकात दाखल झाले. पुढे हार्वर्डमध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते पूर्व नायजेरियात मिशनरी डॉक्टर म्हणून गेले. डिसेंबर १९६६ मध्ये तेथे देवीची साथ उद्भवली. ऐंशी टक्के लोकांना लस टोचली की साथ आपोआप मावळते, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता. फेगी यांच्याजवळ तेवढी लसच नव्हती. तेव्हा त्यांनी रेडिओवरून आसपासच्या मिशनऱ्यांशी संपर्क साधला, गावोगाव माणसे धाडून रुग्ण कोठे आहेत याची माहिती मागविली आणि नकाशावर खुणा केल्या. हाती असलेली लस त्यांनी फक्त त्या गावांत आणि तेथील माणसांचा जेथे राबता होता त्या ठिकाणी वापरली. साथ विझली.

हा योगायोग नव्हता. त्यामागे रोगाच्या स्वभावाचा अभ्यास होता. देवीचा विषाणू माणसाखेरीज अन्य प्राण्यांत राहत नाही. रुग्णाच्या अंगावर पुरळ उठते, त्यामुळे रोग लपत नाही. संसर्ग झाल्यानंतर काही दिवसांत लस मिळाली तरी ती उपयोगी पडते. म्हणजेच प्रत्येक रुग्ण वेळेवर सापडला आणि त्याच्याभोवती लसवंतांचे कडे उभारले, तर विषाणूला पुढे जायला वाट उरत नाही. सर्वांना लस टोचण्याऐवजी प्रत्येक रुग्णाला शोधणे, असा हा दृष्टिकोनातील बदल होता.

त्याची खरी कसोटी लागली ती भारतात. आपल्याकडे देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून सुरू होता. कोट्यवधी लोकांना लस टोचली गेली होती, तरी रोग हटत नव्हता. १९७३ च्या ऑक्टोबरात नव्या पद्धतीने गावोगाव रुग्णशोध सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकोल ग्रासे, भारत सरकारचे डॉ. एम. आय. डी. शर्मा, डॉ. महेंद्र दत्ता आणि फेगी ही या मोहिमेतील प्रमुख नावे. पण तिचा भार वाहिला तो हजारो भारतीय आरोग्य कर्मचाऱ्यांनी. देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड दाखवून ते घरोघर, शाळांत, बाजारांत विचारणा करीत. रुग्ण कळविणाऱ्याला रोख बक्षीस होते. ते वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेले. ज्या गावांत शोध झाला त्यांतील काहींची दुसऱ्या पथकाकडून फेरतपासणी होई.

पहिल्याच शोधात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये, तोवर सरकारदरबारी नोंद नसलेले हजारो रुग्ण उजेडात आले. भारतात १९७३ मध्ये देवीचे सुमारे ८८ हजार रुग्ण नोंदले गेले होते. १९७४ मध्ये ही संख्या एक लाख ८८ हजारांवर पोहोचली. मृत्यू ३१ हजारांहून अधिक. त्यातच त्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला आणि पोखरणचा अणुस्फोटही झाला. अणुस्फोट करणारा देश देवीने मरतो आहे, अशी टीका परदेशी वृत्तपत्रांतून होऊ लागली. बिहारमध्ये तर आठवड्याला हजारो नवे रुग्ण सापडत होते.

कोणत्याही शासनाचा धीर सुटावा अशीच ही स्थिती होती. पाटण्यातील एका बैठकीत मंत्र्यांनी ही पद्धत सोडून पुन्हा सरसकट लसीकरणाकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला. फेगी यांनी 'हाऊस ऑन फायर' या आपल्या पुस्तकात पुढचा प्रसंग नोंदवला आहे. एक भारतीय डॉक्टर उठून उभा राहिला आणि म्हणाला, की गावात एका घराला आग लागली तर आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, साऱ्या गावावर नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिन्याची मुदत दिली. तेवढ्या अवधीत साथीचा उतार दिसू लागला. १९७५ मध्ये देशातील रुग्णांची संख्या दीड हजाराच्या आत आली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण आढळलेला नाही. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले.

१९७४ चा तो वाढलेला आकडा साथीचा होता, तसाच तो शोधाच्या यशाचाही होता. कार्यक्रम अपयशी ठरला, असे केवळ आकड्याकडे पाहणाऱ्याला वाटले असते. आकडा कसा जमा झाला हे पाहणाऱ्याला विजय जवळ आल्याचे दिसले असते.

या यशाला काळी बाजूही आहे. मोहिमेच्या अखेरच्या पर्वात काही ठिकाणी दमदाटी करून, दारे फोडून लस टोचण्यात आली, हे इतिहासकार पॉल ग्रीनो यांनी १९९५ मध्ये सप्रमाण मांडले. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचे रोगी शोधण्यासाठी सोल्जर घराघरांत शिरले. त्या जुलमाची परिणती रँडवर गोळ्या झाडल्या जाण्यात झाली आणि लोक रोगी दडवू लागले. शोध विश्वासावर चालतो. रुग्ण कळविणाऱ्याला बक्षीस देणारी यंत्रणा आणि रुग्णाला गुन्हेगार समजणारी यंत्रणा दोन्ही शोधच घेतात. पण माहिती मिळते ती पहिलीला.

सीडीसीच्या संचालकपदी असताना फेगी यांना याच संघर्षाची दुसरी बाजू दिसली. एड्सच्या पहिल्या पाच रुग्णांची नोंद ५ जून १९८१ रोजी सीडीसीच्या साप्ताहिकात झाली, ती अर्थसंकल्पाला कात्री लागण्याच्या काळात. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देणे आणि मेंदू-यकृताचा घातक 'रे सिंड्रोम' यांचा संबंध याच काळात दिसून आला. वेष्टनावर इशारा छापण्याचा प्रस्ताव १९८२ मध्ये आला; उद्योगांच्या दडपणामुळे तो मागे पडला आणि सक्ती झाली ती १९८६ मध्ये. पुरावा हाती असूनही तो ऐकणारा नसेल, तर मधली वर्षे मुलांच्या जिवावर जातात.

आपल्याकडचे आजचे चित्र संमिश्र आहे. क्षयरोग २०१२ मध्ये सरकारला कळविणे बंधनकारक झाला. त्यानंतर खासगी डॉक्टरांकडील रुग्णही मोजले जाऊ लागले आणि २०२४ मध्ये नोंदलेल्या रुग्णांची संख्या २६ लाखांवर गेली. या काळात रोग वाढला का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ ते २०२४ या काळात भारतातील क्षयाचे प्रमाण सुमारे एकवीस टक्क्यांनी घटले. नोंद वाढली आणि रोग घटला, हा फेगींचाच धडा आहे.

कोविडच्या बाबतीत मात्र आपण उलट वागलो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा अंदाज या संघटनेने २०२२ मध्ये मांडला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. केंद्र सरकारने तो अंदाज फेटाळला. देशाच्या स्वतःच्या नागरी नोंदणीचा २०२१ चा अहवाल प्रसिद्ध झाला तो मे २०२५ मध्ये. त्यानुसार २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, तर २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. यातील सारी वाढ कोविडची नसेल. पण एवढी माहिती चार वर्षांनी हाती येणार असेल, तर ती साथ रोखण्याच्या उपयोगाची राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, ते रुग्णालयांतील डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यांनी कळविले, म्हणून दूषित पाण्याचा माग लागला. ही सजगता काही डॉक्टरांच्या वैयक्तिक कर्तव्यबुद्धीवर सोडून चालणार नाही.

जगाची दिशा मात्र उलटी आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. गरीब देशांत रोगशोधाला पैसा पुरविणारी 'यूएसएड' ही संस्था १ जुलै २०२५ पासून बंद झाली. मोजणारी माणसे घरी पाठविली की आकडे लगेच खाली येतात. रोग खाली येत नाही; तो मोजला न गेलेल्या गावांत वाढत राहतो. १९७४ च्या उन्हाळ्यात पाटण्यात एका मंत्र्याने वाईट आकडा आणखी महिनाभर सहन केला आणि हजारो वर्षांचा रोग देशातून गेला. पुढच्या साथीत आपल्या राज्यकर्त्यांना तो एक महिना सोसवेल का, यावर बरेच काही अवलंबून राहील.