व्हायब्रोमधली शिवराई

परवा शनिवारी मित्राचा फोन. "अरे ये, गंमत दाखवतो." गेलो. टेबलावर अकरा शिवराया, नव्या कोऱ्या वॉशरसारख्या चकाचक. आजोबांच्या पेटीतल्या, खेड तालुक्यातल्या घरातून आलेल्या. मी बघितल्या होत्या तेव्हा काळपट तपकिरी होत्या. भोसरीत ओळखीच्या शॉपमध्ये, जिथे पार्टचं डिबरिंग होतं, तिथे व्हायब्रोत टाकून आणल्या म्हणे. वर पठ्ठ्या म्हणतो, "कन्झर्वेशन केलं!"

मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूंनी चहा आणला म्हणून थांबलो :-)

मंडळी, व्हायब्रोचं कामच मुळी कडा मारणं. दगड आणि पार्ट एकमेकांवर घासतात, बर जाते, कोपरे गोल होतात. बर हा दोष असतो, शिवराईवरचं अक्षर हा दोष नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', बास. बहुतेक शिवरायांवर ना साल, ना टांकसाळीचं नाव. शिवाजी महाराजांनंतरही दीडेकशे वर्षं त्या पडत राहिल्या. मग कुठली आधीची, कुठली नंतरची हे ओळखायचं कशावरून? अक्षराचं वळण, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, कडेचे ठिपके, ओळींमधल्या आडव्या रेघा (दुदांडी म्हणतात ती हीच) आणि वजन. व्हायब्रोनं नेमकं हेच सगळं खाल्लं. आपल्या चिंचवडलाही पेशवाईत टांकसाळ होती. तिथल्या कारागिरानं हातोडा मारताना थोडं तिरकं मारलं असेल, तर तेही वाचायला मिळायला हवं ना?

मित्राचा युक्तिवाद: "काळं होतं तेव्हा वाचता तरी येत होतं का?" येत होतं रे, तिरप्या उजेडात धरायचं. तांब्यावरचा तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, तांब्याचाच ऑक्साइड आहे. खालच्या धातूला तो सांभाळतो. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळ्यांनी तो जातो आणि उघडं तांबं पुन्हा गंजायला मोकळं. देवघरातलं नाणं दर दिवाळीला घासतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते पूजेतलं नाणं, त्याला कोणी कन्झर्वेशन म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. 'हातच लावू नका' म्हणणारे सोवळेवालेही मला पटत नाहीत. पीव्हीसीच्या पाकिटातून नाण्यावर हिरवा चिकटा येतो, तो अॅसिटोननं निघतो आणि धातूला काही होत नाही. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर क्लोराइड आणि ओलावा मिळून तांबं खातायत. तिथे गप्प बसणं म्हणजे नाणं मारणं. माझ्या मते बाहेरून चिकटलेलं काढा, चालू असलेला गंज थांबवा, आणि तिथेच हात आवरा. मान्य, गंज काढताना नाण्याचाही अंश जातो, रेघ तिथे पुसट होते. पण व्हायब्रो त्या रेघेच्या आसपासही नाही.

बाजारही दुटप्पी आहे. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी या कंपन्या घासलेल्या नाण्याला ७० पैकी आकडा न देता 'डिटेल्स' असा शेरा मारतात, हे उत्तम. पण पैसे घेऊन नाणी साफ करून देण्याच्या सेवाही त्यांच्याच घरच्या. तिथे निदान जाणकार हात असतात. आपल्याकडे विकणारा नुसतं 'स्वच्छ नाणं' म्हणतो आणि काय केलं ते सांगत नाही. कोडमध्ये कोणी न सांगता बदल केला तर आपण जुनी प्रत काढतो. इथे जुनी प्रत व्हायब्रोच्या गाळात गेली.

निघताना मित्रानं खिशातून बारावी काढली. ही मशीनमध्ये टाकायची राहिली होती. "हिचं काय करू?"

म्हटलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडव, पुसू नकोस, नुसती टिपून कोरडी कर. सिलिका जेलची पुडी ठेव. आणि ते प्लास्टिकचं पाकीट आधी फेकून दे.