जुने लाकूड, नवा रंग

धारवाडच्या माळमड्डीत आमच्या एका स्नेह्यांच्या घरी अलीकडेच जाण्याचा योग आला. घर जुने, कौलारू. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर ते पाडून तेथे सदनिका उठवावयाच्या असे ठरलेले. पडवीत घरातले सामान आणून ठेवले होते. दोन झडपांचे फडताळ, एक भला थोरला पेटारा, उतरत्या फळीचे लिहावयाचे मेज, बैठक फाटलेली आरामखुर्ची आणि चार पिढ्यांना झोका दिलेला पाळणा. भंगारवाला येऊन सगळ्याचा एकगठ्ठा भाव सांगून गेला होता. तो भाव ऐकून धाकट्या सूनबाई हट्टाला पेटल्या. यातले काही एक विकावयाचे नाही, सारे घासून, रंगवून नव्या जागेत न्यावयाचे, असा त्यांचा निश्चय. फडताळात पुस्तके लागणार, पेटाऱ्यावर गादी पडून त्याची बैठक होणार, मेजावर मुले अभ्यास करणार. आणि पाळणा आकाशी रंगात न्हाणार, कारण घरात नवे बाळ यावयाचे होते.

हुबळी-धारवाडात काय किंवा आमच्या म्हापसे-मडगावात काय, ही हौस आता बरीच पसरली आहे. मोबाईलवरची चित्रे पाहून तरुण मंडळी काचकागद आणि रंगाचे डबे घेऊन बसतात. वडीलधाऱ्यांपैकी काहींना हे भिकेचे डोहाळे वाटतात, काहींना पोरखेळ. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या समाजाने जीर्ण लुगड्याची गोधडी केली आणि मोडक्या दाराच्या फळीतून जेवावयाचे पाट काढले, त्याला ही गोष्ट परकी असण्याचे कारण नाही. मधल्या काळात हातात पैसा आला आणि आपण ती विसरलो, इतकेच.

शिवाय ते लाकूड कोणते, हे एकदा पाहिले पाहिजे. धारवाडची जुनी घरे सजली ती बहुतांशी दांडेली-हल्याळच्या रानातल्या सागावर. अळणावरहून दांडेलीला जो रेल्वेचा फाटा गेला तो मुळात लाकूड वाहण्यासाठीच. हुबळीच्या रेल्वे कारखान्यालाही, डबे लाकडी होते त्या काळात, सागवान मुबलक लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावपासून घाट चढून गेलेल्या लोहमार्गाने हे रान आणि आपला किनारा जोडला. साग तोडण्याजोगा व्हावयास साधारण साठ ते ऐंशी वर्षे लागतात. म्हणजे आजोबांच्या लग्नात केलेल्या फडताळाचे झाड पेशवाईच्या उतरणीला रुजलेले असू शकते. ते रान आता तोडावयाचे नाही. १९८० च्या वनसंरक्षण कायद्याने हात आखडले आणि २००७ साली दांडेली-अणशीचे व्याघ्र राखीव क्षेत्र झाले. पुढे २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. हे योग्यच झाले. परंतु त्याचा अर्थ असा की त्या तोलामोलाचे लाकूड सामान्य गृहस्थाला पुन्हा मिळावयाचे नाही. ते आहे ते पडवीत, माळ्यावर आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

त्याच्या जागी काय येते? भुसा आणि लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेल्या फळ्या, वर सागाच्या रेषांचा छापील कागद. त्या गोंदात बहुधा फॉर्मॅल्डिहाइड असते आणि नव्या कपाटाचे दार उघडताच डोळ्यांना झोंबते ते तेच. धारवाडच्या कोरड्या हवेत ते कपाट दहा वर्षे तग धरीलही. आपल्याकडे दोन पावसाळ्यांत त्याचे तळ पुरीसारखे फुगतात. ते दुरुस्त होत नाही, कारण स्क्रू धरून ठेवावयाला त्यात लाकूडच नसते. उलट जुन्या सुताराने खिळ्याविना, लाकडात लाकूड बसवून केलेले जोड ठोकून सोडवता येतात आणि पुन्हा बसवता येतात.

तेव्हा सूनबाईंचा हेतू सोळा आणे खरा. आमचा मतभेद आहे तो त्यांच्या रंगाच्या डब्याशी.

लाकूड रंगवणे ही आपली कला नव्हे, असे कोणी म्हणणार नाही. सावंतवाडीचे आणि कुंकळ्ळीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या पाट, चौरंग आणि पाळण्याची खेळणी रंगवीत आले. सावंतवाडीची ही कला विझत आली असता तेथील राजघराण्याने १९७० नंतरच्या दशकात ती पुन्हा उभी केली. हुबळीहून पूर्वेला कोप्पळजवळ किन्नाळ नावाचे गाव आहे. तेथील कारागीर देवांच्या मूर्ती आणि वाहने अशीच लाकडातून कोरून रंगवतात. परंतु ही मंडळी रंगासाठी लाकूड निवडतात ते हलके आणि साधे, पांगाऱ्यासारखे किंवा आंब्याचे. किन्नाळला तर त्यावर आधी चिंचोक्याच्या खळीचा थर चढतो. ज्या लाकडाला स्वतःचे रूप नाही त्याला रूप द्यावे, हा त्यामागचा विचार आम्हांला पटतो. सागाच्या आणि शिसवीच्या रेषा तैलरंगाखाली पुरून टाकणे हे मात्र पैठणीवर बुशकोट चढवण्यासारखे आहे. सागाच्या अंगी मूळचेच तेल असते. ते स्पिरिटने पुसून घेतल्याशिवाय चढवलेला रंग वर्षभरात पापुद्रे सोडू लागतो, हे वेगळेच.

जुन्या लाकडाची किंमत आपल्याला परक्यांनी सांगावी लागते, याचे एक उदाहरण चंडीगडचे. त्या शहरातल्या कचेऱ्यांसाठी पियेर जानरे या वास्तुशिल्पकाराच्या देखरेखीखाली केलेल्या सागाच्या खुर्च्या पुढे मोडीत निघाल्या, लिलावात मातीमोल गेल्या आणि परदेशी लिलावगृहांत लाखांच्या भावाने विकल्या गेल्या. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई करावी लागली. तोवर पुष्कळशा बोटीत चढल्या होत्या.

पण हा झाला रुचीचा प्रश्न. त्यात सूनबाईंचे आणि आमचे जमले नाही तरी आकाश कोसळत नाही. पाळण्याची गोष्ट तशी नाही. त्या पाळण्यावर जुना रंग होता. वर हिरवा, खाली पिवळा, त्याच्याखाली तांबूस अस्तर, आणि तो कोरड्या काचकागदाने घासावयास त्या त्याच दुपारी बसणार होत्या. शेजारी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा हातात कागदाचा तुकडा घेऊन तयार होता.

ते तांबूस अस्तर म्हणजे काय असते, हे आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक आहे. मारुतीला लावतात तो शेंदूर परंपरेने शिशाचाच क्षार आणि जुने रंगारी तोच तेलात खलून अस्तरासाठी वापरीत. पांढरा सफेदा शिशाचा आणि लख्ख पिवळा रंगही बहुधा शिशाचाच. रंग टिके, झळके, लवकर वाळे. म्हणून सारे जग तो वापरी. त्याने रंगाऱ्यांचे हातपाय लुळे पडतात हे युरोपात जुनेच माहीत होते. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घरांच्या अंतर्भागात सफेदा वापरण्याविरुद्ध ठराव केला. अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगांतून शिसे हद्दपार केले. आपल्याकडे दर दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक शिसे नको हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. या तारखा ध्यानात घेतल्या म्हणजे घरातल्या कोणत्याही जुन्या रंगीत वस्तूकडे संशयानेच पाहावे लागते.

रंग अखंड असतो तोवर तो गप्प असतो. घासला की त्याची धूळ होते. ती श्वासातून जाते, जमिनीवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला आणि हातावाटे तोंडाला लागते. दात येणारे मूल पाळण्याची कडा चघळते, हे कोणत्याही आजीला विचारावे. लहान मुलाच्या मेंदूला शिसे किती चालते, याचे जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर असे की निर्धोक अशी मर्यादाच ठाऊक नाही. गर्भवतीने तर त्या धुळीच्या आसपासही फिरकू नये.

मग करावे काय? जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडूच नये. साबणाच्या पाण्याने पुसून वरूनच अस्तर आणि नवा रंग द्यावा. सुटत असेल तर रंगारी ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो घेऊन, ओला ठेवून, घराबाहेर घासावे, आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची जुनी रीत सर्वांत वाईट, कारण शिसे धुरातून नाकात जाते. रंग नसलेल्या सागाला मात्र हे भय नाही. त्याला जवसाचे तेल किंवा चपडी लाख स्पिरिटात विरघळवून केलेले पॉलिश पुरे. आणखी एक. रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आणून त्यांची मेजे करण्याची नवी टूम निघाली आहे. ते कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोटचे काळे तेल पाजीत असत. असले लाकूड अंगणाच्या पायरीला चालेल, जेवणघरात नको.

ही सारी माहिती रंगाच्या डब्यावर चार ओळींत छापता येईल. हुबळी-धारवाड महानगरपालिकेने किंवा आमच्या पालिकांनी घरपट्टीच्या बिलामागे ती छापली तर कागदाचा खर्चही वाढावयाचा नाही. डब्यावर आज दिसतात त्या हसऱ्या कुटुंबाच्या तसबिरी.

आम्ही निघण्याच्या सुमारास सुतार आला. वृद्ध, मराठीला कानडी हेल असलेला. फडताळाच्या झडपेवरून त्याने तळहात फिरवला आणि म्हणाला, "अक्का, ह्याला रंग कशाला? तेल पाजा की." आरामखुर्चीच्या वेताचे माप घेतले, पेटाऱ्याची बिजागरी पाहिली. पाळण्याला त्याने हात लावला नाही. नंतर कळले की फडताळ तेलावरच राहिले आहे आणि मेज सूनबाईंनी हट्टाने रंगवले. त्याचे लाकूड साधेच होते, ते शोभतेही. पाळणा न घासता नव्या घराच्या माळ्यावर ठेवला आहे. बाळ आजीच्या लुगड्याच्या झोळीत झोपते.