पाठीला बांधलेला माग

काय दोस्तांनो, परीक्षा संपल्या ना? निकालाला अजून अवकाश आहे आणि घराघरांत एकच प्रश्न चाललाय – यंदा गावाला कधी जायचं? काहींच्या पिशव्या तर भरूनही झाल्या असतील. गावाला गेलं की पहिले तीन दिवस कसे मजेत जातात! आंबे, विहिरीत डुंबणं, रात्री अंगणात गप्पा. आणि चौथ्या दिवशी दुपारी कुणीतरी हळूच म्हणतं, "आई, कंटाळा आला गं!" खरं की नाही?

आज मी तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहे, जी सुटी मिळाली की मोटारीत बसून हजारो किलोमीटर दूरच्या दुसऱ्याच देशात जायची. तिथल्या खेड्यांत, आठवडी बाजारांत, जुन्या देवळांच्या अवशेषांत रमायची. कधी नाताळच्या सुटीत, तर पुष्कळदा उन्हाळ्यात. अशी ती आयुष्यात डझनभराहून जास्त वेळा गेली. तिला तिथे कंटाळा आला नाही. उलट ती विसाव्या शतकातली एक फार मोठी कापड-कलावंत झाली, त्यात या सुट्यांचा वाटा मोठा होता. तिचं नाव ॲनी आल्बर्स.

ॲनीचा जन्म १८९९ सालचा, जर्मनीतल्या बर्लिन शहरातला. घर श्रीमंत. १९२२ मध्ये ती बाउहाउस नावाच्या कलाशाळेत दाखल झाली. ही शाळा त्या काळी अगदी नव्या विचारांची म्हणून गाजत होती. चित्र, खुर्ची, दिवा, इमारत – सगळ्यांचा विचार तिथे नव्याने व्हायचा. पण गंमत पाहा! ॲनीला शिकायचं होतं काचकाम आणि इतक्या नव्या विचारांच्या शाळेतही मुलींना बहुतेक करून पाठवलं जायचं विणकामाकडे. ॲनी नाखुशीनेच मागावर बसली. सुतासारख्या लुळ्या वस्तूतून काय मोठं घडणार, असं तिला वाटायचं.

पण हळूहळू सुताने तिला धरून ठेवलं. इतकं, की १९३० मध्ये पदविकेसाठी तिने एक भलतंच कापड विणलं. एका सभागृहात आवाज घुमत होता. त्याच्या भिंतींसाठी हे कापड होतं. पुढच्या बाजूला चकचकीत सेलोफेन, म्हणजे प्रकाश परावर्तित व्हावा. मागच्या बाजूला मऊ लवदार सूत, म्हणजे आवाज शोषला जावा. भिंतीचं कापडच दिव्याला मदत करतंय आणि गोंगाटही पितंय! अशी ही हुशार, शिकलेली, पदविकावाली विणकरीण.

आणि मग १९३३ साल उजाडलं. जर्मनीत हिटलरची सत्ता आली. नाझींच्या दडपणापुढे बाउहाउस बंद पडलं. ॲनीचं घराणं ज्यू. म्हणजे देशात राहणं दिवसेंदिवस धोक्याचं. सुदैवाने त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डोंगरांच्या कुशीत एक नवं कॉलेज निघालं होतं, ब्लॅक माउंटन कॉलेज. ॲनीचे पती योसेफ आल्बर्स हेही कलावंत आणि शिक्षक. त्यांना तिथे शिकवायला बोलावणं आलं आणि १९३३ च्या नोव्हेंबरात हे जोडपं अमेरिकेत पोहोचलं. देश गेला, घर गेलं, भाषाही गेली. योसेफना तर इंग्रजी जवळजवळ येतच नव्हतं.

कॉलेज तरी कसं? पैशांची कायम ओढाताण. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून शेतात काम करायचे, स्वयंपाकघरात हात लावायचे. ॲनीने तिथे विणकामाचा वर्ग सुरू केला.

इथून १९३५ मध्ये ती पहिल्यांदा मेक्सिकोला गेली आणि मग जातच राहिली. ॲनीला चालायला त्रास व्हायचा, तरी खडबडीत रस्त्यांवरचा तो लांबचा प्रवास तिने पुन्हापुन्हा केला.

दक्षिण मेक्सिकोत ओआहाका नावाचा प्रांत आहे. तिथे गावोगावी बायका कापड विणतात, आजही विणतात. ज्या मागावर विणतात, तो तुम्ही पाहिलात तर म्हणाल, "हा माग? या तर नुसत्या काठ्या!"

खरंच, त्या काठ्याच असतात. आपल्याकडच्या हातमागाला लाकडी सांगाडा असतो. इथे सांगाडाच नाही. दोन काठ्यांमध्ये उभे धागे ताणायचे. एक काठी दोरीने झाडाला किंवा खांबाला बांधायची. दुसऱ्या काठीला एक पट्टा बांधून तो आपल्या कमरेमागून घ्यायचा आणि जमिनीवर बसायचं. विणणारी बाई किंचित मागे रेलली की धागे ताठ. पुढे झुकली की सैल. म्हणजे मागाचा अर्धा भाग लाकडाचा आणि अर्धा भाग चक्क ती बाई! म्हणूनच याला पाठीचा माग म्हणायचं.

आपल्या भाषेत उभ्या धाग्यांना "ताणा" म्हणतात आणि आडव्यांना "बाणा". ताणा म्हणजे ताणलेला. धागा ताणल्याशिवाय कापड नाही, हे आपल्या शब्दानेच सांगून ठेवलंय. फरक एवढाच, की आपल्या हातमागावर ताणायचं काम लाकूड करतं आणि इथे माणसाची पाठ करते.

या मागाच्या आणखीही गमती आहेत. कापडाची रुंदी किती? तर दोन हात जितके सहज पोहोचतील तितकी. जास्त रुंद हवं तर पट्टे जोडून शिवायचे. कापड मागावरून कापून काढायचीही गरज नसते, चारही कडा पक्क्या विणून मिळतात. आणि काम थांबवायचं असलं – मूल रडलं, पाऊस आला – की पट्टा सोडायचा, सगळा माग चटईसारखा गुंडाळायचा आणि घरात ठेवायचा. झालं! आपल्या देशातही नागालँड, मणिपूर, अरुणाचल या भागांत बायका अशाच मागावर विणतात. मध्ये सबंध पृथ्वीचं अंतर आणि युक्ती एकच!

आता ॲनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुम्ही युरोपातल्या नावाजलेल्या शाळेची पदविका घेतली आहे. सेलोफेनचं कापड विणून वाहवा मिळवली आहे. आणि समोर जमिनीवर बसलेली बाई चारपाच काठ्यांवर असं कापड विणते आहे, की त्यातली गुंतागुंत उलगडता उलगडत नाही. तुम्ही काय कराल? "छान आहे हं!" म्हणून एक शाल विकत घ्याल आणि पुढे निघाल? पुष्कळ पाहुणे तेच करतात.

ॲनीने कापडं विकत घेतलीच. पण तिथेच थांबली नाही. धागा कुठून निघाला, कुठे वर आला, कुठे खाली गेला, हे ती बघत बसली. प्राचीन पेरू देशातली कापडं तिने पूर्वी बर्लिनच्या संग्रहालयात काचेआड पाहिली होती. ती तशी कापडं विणण्याची रीत इथे अंगणात, झाडाखाली जिवंत होती. पुढे तिने लिहिलं, की यंत्रांनी वेग वाढवला खरा, पण विणीचे मूळ प्रकार माणसाच्या हातांना हजारो वर्षांपूर्वीच सापडले होते.

ओआहाकाजवळ मॉन्ते आल्बान नावाचं प्राचीन नगर आहे. डोंगरमाथा सपाट करून बांधलेलं. रुंद चौक, पायऱ्यापायऱ्यांचे चौथरे. ते पाहून आल्यावर ॲनीने १९३६ मध्ये एक कापड विणलं आणि त्याला त्या नगराचंच नाव दिलं. साध्या विणीच्या पट्ट्यांवरून एक जादा धागा फिरतो, वळतो, पायऱ्या चढतो, उतरतो. जणू कुणी पेन्सिलीने रेघ ओढत चाललंय. ते कापड अंगावर घ्यायचं नाही, पडदा म्हणून लावायचं नाही. चित्रासारखं बघायचं. सुतासारख्या लुळ्या वस्तूतून काय घडणार, म्हणणाऱ्या मुलीने आता सुताने चित्र काढलं होतं!

त्याच मॉन्ते आल्बानच्या एका थडग्यात १९३२ मध्ये सोन्याचे, शंखशिंपल्यांचे, दगडांचे अप्रतिम दागिने सापडले होते. राजेशाही सोनं आणि साधा शिंपला एकाच माळेत! ॲनीने ते पाहिले आणि कॉलेजात परतल्यावर ॲलेक्स रीड या विद्यार्थ्याबरोबर दागिने बनवले. कशाचे, ओळखा पाहू? मोरीच्या भोकावर बसवायची जाळी, कागदाला लावायच्या क्लिपा, केसांच्या पिना, नटबोल्टाखाली घालायच्या चकत्या! गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या या वस्तूंचे हार १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शनात लागले.

आणि तिचा वर्ग? तोही बदलला. ती मुलांना म्हणायची, समजा तुम्ही पेरूच्या ओसाड किनाऱ्यावर आहात, जवळ काही नाही, आता सुरुवात करा. मग मुलं मक्याचे दाणे, काटक्या, गवत, पिळलेले कागद असं काहीबाही मांडून कापडासारखा पोत तयार करायची. टंकलेखन यंत्रावर अक्षरं ठोकून विणीची नक्षी काढायची. पाठीचा माग स्वतःच्या हाताने बनवायची. कॉलेजकडे पैसे कमी होते हे खरं. पण ॲनीला हे हलाखीतलं काम वाटत नव्हतं. तिच्या मते शिकण्याची खरी सुरुवातच इथून व्हायला हवी होती.

याच कॉलेजातली आणखी एक मुलगी, रूथ असावा, १९४७ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या टोलुका गावी शिकवायला गेली. तिथल्या बाजारात तारेच्या वेटोळ्यांनी विणलेल्या अंड्यांच्या टोपल्या असायच्या. तिने ती वीण शिकून घेतली आणि पुढे आयुष्यभर त्याच विणीने छताला टांगायची सुंदर तारशिल्पं घडवली. म्हणजे शिकवायला गेलेली मुलगी शिकून आली!

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच आधुनिक कला संग्रहालयाने ॲनीचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. एखाद्या कापड-कलावंताला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. १९६५ मध्ये तिने विणकामावर मोठं पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं प्राचीन पेरूच्या विणकरांना, आपले थोर गुरू म्हणून. १९९४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी ती वारली.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. ॲनीचं नाव आज संग्रहालयांत, पुस्तकांत आहे. तिने गुरूंचे आभार मानले, हा तिचा मोठेपणा. पण त्या गुरूंची नावं काय? संग्रहालयात जुन्या कापडाखालची पाटी वाचा. देश असतो, शतक असतं, सुताचा प्रकार असतो. विणणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा नसतंच. कुणी लिहूनच ठेवलं नाही. आणि हे काय फक्त मेक्सिकोतच होतं? तुमच्या घरात आजीने शिवलेली गोधडी आहे ना? तिच्यावर तरी कुठे नाव असतं! घोंगडी विणणाऱ्या सनगराचं नाव घोंगडीवर नसतं. सूप-टोपली करणाऱ्या बुरुडाचं टोपलीवर नसतं.

म्हणून यंदा गावाला जाताना एक वही न्या. चौथ्या दिवशी कंटाळा आला, की गोधडी शिवणाऱ्या काकूंजवळ, नाहीतर टोपली विणणाऱ्या मामांजवळ जाऊन बसा. पहिल्या दिवशी नुसतं बघा. दुसऱ्या दिवशी विचारा, "मला एक टाका घालू द्याल?" टाका वाकडा आला तर त्या हसतील, हसू दे! आणि वहीत लिहा: काय केलं, कसं केलं आणि कुणी केलं. पूर्ण नाव, गाव, कुणाकडून शिकले ते.

आणि घरी पाठीचा माग करून बघायचाय? मग हे घ्या.

दोन काठ्या घ्या, वीतभर लांबीच्या. त्यांच्यामध्ये जाड लोकरीचे वीस उभे धागे बांधा, साधारण हातभर लांबीचे. एक काठी खिडकीच्या गजाला बांधा, दुसरी ओढणीने कमरेला. आता एक फूटपट्टी घेऊन एका धाग्याखालून, पुढच्याच्या वरून, अशी सरळ पलीकडे न्या. पट्टी उभी केली की निम्मे धागे वर उचलले जातात. झाली वाट मोकळी! त्या वाटेतून आडवा धागा न्या. उरलेले निम्मे धागे वर यायला हवेत ना? पट्टी आणि तुम्ही यांच्या मधोमध एक पेन्सिल धरा. पट्टीच्या खाली राहिलेल्या प्रत्येक धाग्याला दोऱ्याचा सैल फास घालून ते फास पेन्सिलीला अडकवा. पट्टी आडवी करून लांब सरकवा, जरा पुढे झुका, पेन्सिल उचला. दुसरी वाट मोकळी! आडवा धागा परत आणा. प्रत्येक खेपेला जुन्या फणीने धागे ठोकून घट्ट बसवा. एकदा पट्टी, एकदा पेन्सिल. संध्याकाळपर्यंत पुस्तकात ठेवायची खूण नक्की तयार होईल.

पाठ दुखली, तर तेही पत्रात लिहा! वहीत लिहिलेली नावं मात्र आठवणीने पाठवा. कारागिराला आधी विचारायचं हं, "तुमचं नाव छापलं तर चालेल ना?" ते हो म्हणाले, की ती नावं याच पानावर येतील.