आपलाच प्रोग्रॅम, आपल्यालाच मात

स्टॉकफिश नावाचं बुद्धिबळाचं इंजिन तुमच्या फोनवर फुकटात चालतं, आणि ते जगज्जेत्यालाही आरामात हरवतं. अशा जमान्यात कुणी म्हणालं, "मी स्वतःचा चेस प्रोग्रॅम लिहितोय," तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल? माझाही तोच होता. कशाला?

हे म्हणणारा माझा मावसभाऊ. एका आयटी कंपनीत चार वर्षं काढलेला, सध्या बेंचवर. म्हणजे पगार चालू, काम बंद आणि रोज सकाळी मेल उघडताना पोटात गोळा. लॅपटॉप उचलून तो सरळ घरी गेला, कळंबला. जिल्हा धाराशिव, २०२३ पर्यंतचा उस्मानाबाद. "ताई, चार वर्षं दुसऱ्यांच्या कोडला ठिगळं लावली. आख्खी एक गोष्ट आपल्या हातानं केलीच नाही," तो म्हणाला. "अरे, एआयला सांग, दोन मिनिटांत लिहून देईल." यावर तो हसला. "शब्दकोडं विकत घ्यायचं आणि उत्तरं आधीच छापून मागायची, याला काय अर्थ आहे?"

पॉइंट होता बॉस.

तर फंडा असा. आधी प्रोग्रॅमला नियम शिकवायचे. सोपं वाटतं ना? मग ते बरोबर शिकवलेत की नाही हे तपासायचं. त्यासाठी एक भन्नाट परीक्षा असते. पट मांडला की पांढऱ्याला पहिल्या खेळीचे २० पर्याय असतात. त्यावर काळ्याने उत्तर दिलं की ४०० शक्यता. तिसऱ्या पायरीला ८,९०२, चौथ्या पायरीला १,९७,२८१ आणि पाचव्या पायरीला ४८,६५,६०९. हे आकडे पक्के आहेत, जगभर तेच. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर एकाने जरी चुकलं तरी नापास.

भाऊसाहेब चार पायऱ्या चढले. पाचव्या पायरीला आकडा आला ४८,६५,३५१. म्हणजे २५८ खेळी गायब! ४८ लाखांत २५८. ऑफिसात असतं तर 'चालतंय' म्हणून क्लायंटला दिलं असतं. इथे चालत नाही. दोन रात्री गेल्या. शेवटी चोर सापडला. दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं जाता जाता मारायचा तो नियम असतो ना, तो कोडमध्ये होता. पण कुठलं प्यादं आत्ताच उडी मारून आलंय याची नोंद वापरण्याआधीच पुसली जात होती. एक ओळ दोन ओळी वर सरकवली आणि ४८,६५,६०९! त्याने मला रात्री दीड वाजता फोन केला. आकडा सांगितला आणि ठेवून दिला.

मग खरी गंमत. आता त्याला खेळायला शिकवायचं. प्याद्याला १ मार्क, घोडा आणि उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९. मी ही खेळी केली तर समोरचा काय करेल, मग मी काय करेन, असं पुढे मोजत जायचं. डावाच्या मध्यावर एका वेळी साधारण ३५ खेळी शक्य असतात. चार पायऱ्या पुढचं बघायचं तर १५ लाख शक्यता. लॅपटॉप तापून इस्त्री! यावर जुनी युक्ती आहे: एखाद्या खेळीला समोरून एक सणसणीत उत्तर सापडलं की ती खेळी किती वाईट आहे हे मोजत बसायचं नाही. सोडा, पुढे चला. चांगल्या खेळी आधी तपासल्या तर १५ लाखांचं काम जेमतेम अडीच हजारांवर येऊ शकतं. (रिलेशनशिपमध्येही ही युक्ती चालते, असं माझी एक मैत्रीण म्हणते.)

तरी गडी मूर्खासारखा खेळायचा. वजिराने प्यादं मारून खूश व्हायचा. पुढच्याच खेळीत वजीर जाणार हे त्याला दिसायचंच नाही, कारण मोजणी नेमकी तिथे थांबलेली. आपलं क्रेडिट कार्डाचं गणित असंच असतं की, बिलाच्या तारखेपर्यंतच दिसतं. इलाज असा, की मारामारी सुरू असताना मोजणी थांबवायचीच नाही.

वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ॲलन ट्युरिंगसारख्या माणसाने १९४८ मध्ये चेस प्रोग्रॅम रचायला घेतला, तेव्हा तो चालवेल असा कॉम्प्युटरच नव्हता. १९५२ मध्ये तो स्वतःच कॉम्प्युटर झाला आणि कागदावर हिशोब करत एकेका खेळीला अर्धा अर्धा तास घेत खेळला. तरी हरलाच. कास्पारोवला हरवायला १९९७ साल उजाडलं, आणि तेव्हा डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होता.

इकडे कळंबच्या घरात काका, म्हणजे भावाचे वडील, हे सगळं लांबून बघत होते. बापलेकांचं बोलणं दोनच वाक्यांचं. "जेवलास का?" आणि "कंपनीचं काय झालं?" एक दिवस त्यांनी तिसरं विचारलं. "तुझ्या यंत्रातला राजा अडीच घरं चालतो का?"

काका देशी कायद्याने खेळतात. प्यादं एकेकच घर चालतं. किल्लेकोट नाही, पण शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं होतं, ऊठसूट वजीर नाही. हे गावठी काही नाही हं. पंजाबचे मीर सुलतान खान हिंदुस्थानी पद्धतीनेच शिकले होते, आणि विलायती नियम आत्मसात करून १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश चॅम्पियन झाले.

भावाने हिशोब केला. काकांच्या कायद्यात पहिल्या खेळीला २० नाही, १४ पर्याय. प्याद्यांचे ८, घोड्यांचे ४ आणि राजाच्या उडीचे २. काका म्हणाले, "आमच्यात प्यादं दोन घरं उडतच नाही. तुझे ते २५८ हरवलेच नसते."

आता प्रोग्रॅममध्ये दोन बटणं आहेत, विलायती आणि देशी. देशीत तो काकांकडून रोज मार खातो, कारण राजाने उडी कधी राखून ठेवायची हे त्याला अजून कळत नाही. ते समजावून सांगताना काका तासभर बोलतात. भाऊ लिहून घेतो.

विलायतीत मात्र गेल्या महिन्यात एका रात्री त्या प्रोग्रॅमने घोडा असा टाकला की राजाला शह आणि वजिरावर मार, दोन्ही एकदम. वजीर गेला, दहा खेळींत मात. भाऊ ओरडलाच. मावशी दचकून उठली, तिला वाटलं कंपनीचा मेल आला. "नाही गं, हरलो!" आणि हा नाचतोय.

मेल अजून आलेला नाही. सीव्हीत एक ओळ वाढलीय, तिचा उपयोग होईल न होईल. पण आख्खी एक गोष्ट केल्याचं समाधान कसं असतं, ते त्याला आता माहीत आहे.

तुम्हालाही खाज असेल तर या वीकेंडला बसा. २० वरून सुरुवात करा. ४८,६५,६०९ आले की मला कळवा, कितीही वाजले असोत.