पडद्यावरचा वर्ग आणि घरातली वेळ

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक आधी माल पारखतो, मग व्यवहार ठरवतो. घरातील पदवीधर कन्या किंवा सून परदेशी विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षणास घरबसल्या प्रवेश घेऊ इच्छिते, तेव्हाही हीच पारख आवश्यक ठरते.

दूरशिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून ते देत आहे. परदेशी ऑनलाइन वर्गात मात्र घड्याळही परदेशाचे असते. लंडनमध्ये दुपारी दोनला भरणारा वर्ग बेल्ह्यात हिवाळ्यात सायंकाळी साडेसातला, तर उन्हाळ्यात साडेसहाला सुरू होतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकणाऱ्या घरातही ही वेळ मागचे आवरण्याची व दुकानाचा हिशेब मिटवण्याची असते. ‘ती घरीच तर आहे’ या समजुतीने विद्यार्थिनीला वर्ग चालू असतानाच हाका येतात. निरनिराळ्या देशांतील शिक्षकांशी विचारविनिमय हा अशा शिक्षणाचा मोठा लाभ. परंतु ऐन प्रश्न विचारताना नेट गेले, तर तो प्रश्न बहुधा मनातच राहतो.

याहून गंभीर बाब मान्यतेची. ब्रिटिश विद्यापीठांचा ‘आंतरराष्ट्रीय पीजीसीई’ पूर्ण केला, तरी तेवढ्याने इंग्लंडमधील ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा मिळत नाही. त्यासाठीचा ‘आयक्यूटीएस’ हा निराळा मार्ग 2022 मध्ये सुरू झाला. आपल्याकडे बी.एड.साठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवडे शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी राखलेले असतात. मुलांसमोर उभे राहिल्यावाचून अध्यापन अंगवळणी पडत नाही, हे त्यामागचे कारण. काही आंतरराष्ट्रीय शाळा परदेशी प्रमाणपत्र स्वीकारतात. परंतु अनुदानित शाळेत नोकरीची इच्छा असल्यास ते बी.एड.ची जागा घेईल, असे गृहीत धरणे महागात पडू शकते.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: हे प्रमाणपत्र कोणत्या शाळांत चालेल, अध्यापनाचा सराव कोठे होईल आणि त्याचे मूल्यमापन कोण करील. उत्तरे समाधानकारक असतील, तर शुल्काबरोबर घराने आणखी एक गोष्ट द्यावी: दार लावता येईल अशी खोली आणि वर्ग संपेपर्यंत कोणीही हाक न मारण्याचा शब्द. शुल्क एकदा भरले की भागते. हा शब्द मात्र रोज पाळावा लागतो.