सायकलीवरून असीरगड

स्वित्झर्लंड देशात सायकलीवर बसून जुने किल्ले पाहत हिंडण्याची तरुणांना मोठी हौस असते. जिनिव्हा सरोवराच्या काठचा शियोंचा किल्ला त्यांच्या वाटेवरच लागतो. आमच्या वाचकांच्या मुलांना इतके दूर जावयास नको. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड उभा आहे.

मोटारीतून हा किल्ला दिसतो. सायकलीवरून तो उमगतो. तापीचे सपाट खोरे मागे पडून सातपुड्याचा चढ लागला, की वाटेचे मोल पायांनाच कळू लागते. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांना जोडणारी ही वाट. उत्तरेची सैन्ये येथूनच दक्षिणेत उतरत. खांडवा-भुसावळ लोहमार्गानेही सातपुडा ओलांडावयास हीच खिंड निवडली. म्हणून असीरगडास दक्षिणेचे दार म्हणत. रस्त्यावर मालमोटारींची वर्दळ फार; तेव्हा पहाटेच निघावे, एकामागे एक सायकल हाकावी, आणि पायथ्याच्या गावी सायकली ठेवून गड पायीच चढावा. मलयगड, कमरगड आणि असीरगड असे त्याचे एकावर एक तीन भाग आहेत. माथ्यावर पाण्याचे तलाव, फारुकी राजांच्या काळची मशीद व शिवमंदिर आहे. त्या मंदिरात अश्वत्थामा अजूनही पूजेस येतो, अशी आसपासच्या लोकांची समजूत आहे.

इ. स. १६०० मध्ये अकबर बादशहाने या गडास वेढा घातला. आत बहादूरखान फारुकी होता. बादशहाच्या छावणीत तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातील येशूसंघीय फादर जेरोम झेवियर होते. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवून द्याव्यात, अशी गळ बादशहाने त्यांना घातली. आपल्या धर्मास हे मानवणारे नाही, असे सांगून फादरांनी नकार दिला. पोर्तुगीजांचा बहादूरखानाशी स्नेहाचा करार होता, हेही त्यामागचे एक कारण असावे, असे इतिहासकार म्हणतात. कारण काहीही असो, भर छावणीत बादशहास 'नाही' म्हणणे सोपे नव्हते. बादशहा संतापला, पुढे त्याचा राग निवळला.

वाटाघाटीसाठी खाली उतरलेल्या बहादूरखानास अडकवून ठेवण्यात आले, तरीही गड झुंजत राहिला. अखेर १६०१ च्या जानेवारीत तो पडला. रोगराईने आतील लोक खचले, असे अकबराचा इतिहासकार अबुल फजल लिहितो. येशूसंघीयांच्या पत्रांवरून मात्र सोन्याने दरवाजे उघडल्याचे दिसते. खरे कोणते, यावर विद्वानांचा वाद आहे. दोन्ही वृत्तांत एका गोष्टीवर जुळतात: तट तोफांनी ढासळला नाही, दार आतून उघडले.

मुलांना गडावर नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या दरवाजापाशी थोडे थांबावे, आणि ही हकीकत तेथेच सांगावी. घराला भिंती आपण पुष्कळ उंच बांधतो. कडी मात्र आतल्याच माणसाच्या हाती असते.