उसवलेल्या चिन्हाची शहानिशा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांच्या गणवेशावरची चिन्हे जमविणारा गृहस्थ भिंगाखाली कापडाचा तुकडा धरून त्याच्या पाठीचे धागे न्याहाळू लागला, म्हणजे जुन्या कज्ज्यात सनदेवरचा शिक्का तपासणाऱ्या मुरब्बी कारकुनाची आठवण होते. आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. १९३४ च्या फेब्रुवारीतील फर्मानाने सैनिकाच्या उजव्या छातीवर आलेला गरुड यंत्रावर सपाट विणलेला आहे की हाताने भरलेला, खांद्यावरच्या पट्टीची किनार पांढरी म्हणून तो पायदळाचा, तांबडी म्हणून तोफखान्याचा की गुलाबी म्हणून रणगाडादळाचा, हे त्याला मुखोद्गत असते. अतिनील दिव्याखाली धागा निळसर चमकला की युद्धोत्तर नकलेचा संशय बळावतो. मात्र अस्सल चिन्हही पुढे कोणी आधुनिक साबणाने धुतले असेल तर तसेच चमकते, त्यामुळे हा पुरावाही निर्णायक नव्हे.

इतकी काटेकोर चिकित्सा करणारा मनुष्य, हे चिन्ह कोणाच्या अंगावर होते, कोणत्या पलटणीत, कोणत्या गावी, या प्रश्नापाशी येताच बहुधा गप्प होतो, ही माझी तक्रार आहे. गणवेशापासून उसवलेले चिन्ह हा दफ्तरातून फाडलेला कागद होय. त्याची शाई अस्सल ठरली, तरी मजकूर अर्धाच राहतो. उंबरठ्यावरचे आपले स्वस्तिक निराळे आणि त्या गरुडाच्या नखांतले निराळे, असे सांगून आपण हात झटकतो. जर्मनांना ती सोय नाही. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना युद्धातील पदके लावण्याची मुभा दिली, ती त्यांवरचे स्वस्तिक गाळून. तेथील दंडसंहितेचे ८६-अ कलम अशा चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनास आजही मज्जाव करते आणि कला, संशोधन, शिक्षण अशा हेतूंपुरती सवलत ठेवते. संग्राहकाला त्या सवलतीचा नैतिक हक्क सांगायचा असेल, तर प्रत्येक वस्तूसोबत तिच्या पूर्वस्वामित्वाचा दाखला त्याने जपला पाहिजे. आणि तो नसेल, तर नसल्याची नोंद तरी केली पाहिजे. एरवी त्याचे कपाट आणि अत्याचारी राजवटीच्या भक्ताचे देवघर यांत परक्याला भेद कळावा कसा?

या चिन्हांच्या बाजारात एक चिन्ह आपल्या ओळखीचे निघते. केशरी, पांढऱ्या व हिरव्या पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ आणि वर रोमन अक्षरांत ‘फ्राइएस इंडिएन’, म्हणजे ‘स्वतंत्र भारत’: सुभाषचंद्रांच्या प्रेरणेने जर्मनीत उभ्या राहिलेल्या हिंदी पलटणीचे हे बाहीवरचे ढालचिन्ह. त्या पलटणीतले बहुसंख्य जवान आधी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून लढताना कैद झालेले होते आणि १९४४ च्या ऑगस्टात ती पलटण वाफेन एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या ताब्यात गेली, ही वस्तुस्थितीही त्या वाघाला चिकटलेली आहे. विक्रेता त्याचे विणकाम दाखवतो, किंमत सांगतो; पण मागच्या बाजूला टाक्यांची तुटकी टोके लोंबत असतात, आणि ती कात्री त्या जवानानेच चालवली की त्याला धरणाऱ्याने, हे विचारले तर तो पुढचे चिन्ह काढून दाखवू लागतो.